निरोपाची बारा मिनिटं

छत्रीताई हे नाव त्यांना कोणी दिलं, ते आता ऑफिसात कोणालाच आठवत नाही. पण हाक मारली की त्या लगेच ओ देत. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या ऑफिसात त्या तपासनीस होत्या. वय बावन्न, आणि आजूबाजूचे सगळे त्यांच्या भाचरांच्या वयाचे. त्याआधी एकोणीस वर्षं त्यांनी छत्र्यांच्या कारखान्यात काढली होती. प्रत्येक छत्री दहा वेळा उघडायची, दहा वेळा मिटायची आणि मगच शिक्का मारायचा, हे तिथलं काम. कारखाना बंद पडला तेव्हा भाचीनं त्यांना इथे आणून बसवलं. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "ताई, गेममधलं कळतं का काही तुम्हाला?"

"काही कळत नाही बाई," त्या म्हणाल्या, "पण छत्री पहिल्यांदा सगळ्यांचीच उघडते, एवढं कळतं."

त्या वर्षी ऑफिसात एका दीपगृहाचा गेम तयार होत होता. दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची मुलगी होडी घेऊन समुद्रात निघते, अशी त्याची गोष्ट. अशा गेममध्ये खेळता खेळता मध्येच सिनेमासारखा एखादा प्रसंग सुरू होतो. त्याला कटसीन म्हणतात. तेवढा वेळ खेळणाऱ्यानं हात आवरून नुसतं बघायचं. ज्याला बघायचं नसेल त्याच्यासाठी एक बटण असतं. ते दाबलं की प्रसंग संपतो आणि खेळ पुढे सरकतो. बाप-लेकीच्या निरोपाचा प्रसंग बारा मिनिटांचा होता. शेवटाकडे बाप होडीघराची किल्ली लेकीच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, "जा." दार उघडून ती बाहेर पडते, आणि समोर सापासारखा लांब, अक्राळविक्राळ वाम मासा वाट बघत असतो. त्याच्याशी लढाई. हरलात, तर पुन्हा निरोपापासून सुरुवात.

ते बटण तपासायचं काम ताईंकडे आलं. दुसऱ्या कोणी ते चार-पाचदा दाबून "ठीक आहे" लिहिलं असतं. ताईंनी ते पहिल्या सेकंदाला दाबून पाहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बारा मिनिटांचे सातशेवीस सेकंद होतात. वहीत रेघा ओढत, पाठीला उशी लावून, त्या सहा दिवस तेच करत होत्या. सहाशे चाळीसपर्यंत सगळं सुरळीत झालं. सहाशे एक्केचाळिसाव्या सेकंदाला बटण दाबलं आणि होडीघराचं दार उघडेना.

त्यांनी प्रोग्रॅमर मुलीला बोलावलं. "हे बघ. बापाचा हात पुढे येतोय आणि लेकीचा हात अजून पोचलेला नाही. इथे दाबलं तर किल्ली ना बापाकडे, ना लेकीकडे. सातच सेकंद आहेत."

"ताई, नेमक्या त्या सात सेकंदांत कोण दाबणारे?"

"हात पुढे आला म्हणजे आता संपलंच, असं ज्याला वाटतं, तोच दाबणार."

प्रोग्रॅमरनं डोकं धरलं. दुरुस्ती करायची तर सगळं मुळापासून उसवावं लागणार होतं, आणि गेम बाजारात यायला दहा दिवस उरले होते. हरल्यावर निरोपाऐवजी थेट लढाईपासून सुरुवात करून द्यावी म्हटलं, तरी तेवढंच उसवावं लागणार होतं. ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी सोपा मार्ग काढला: बटणच काढून टाकायचं. अर्ध्या तासाचं काम.

सगळ्यात जास्त आनंद गेमची गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाला झाला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्या बारा मिनिटांवर त्यानं आठ महिने घालवले होते, आणि त्यातले ते सात सेकंद, म्हाताऱ्याचा थरथरता हात, त्याच्या विशेष लाडाचे. "बरं झालं," तो म्हणाला. "लोक सवयीनं बटण दाबतात आणि आपण काय घालवलं हे त्यांना कळतही नाही. पुस्तकाची मधली पानं गाळतं का कोणी?"

"गाळतात की," ताई म्हणाल्या. "आणि एकच पान सात वेळा वाचल्याशिवाय पुढचं उलटायचं नाही, असं कुठलं पुस्तक सांगतं?"

आता गेमवर तपासनिसाची सही तेवढी हवी होती. ताईंनी कागद उलटा करून ठेवला. मॅडम म्हणाल्या, "ताई, शुक्रवारपर्यंत द्या हं." ताईंनी मान हलवली, पण सही केली नाही.

त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचे यजमान होते. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. उजव्या हाताची दोन बोटं मशीननं नेलेली. ताईंनी ज्यावर शिक्का मारला तो प्रत्येक गेम ते बाजारात आल्यावर हौसेनं आणत आणि उरलेल्या तीन बोटांनी खेळत. सावकाश खेळत, आणि पुष्कळ हरत. गोष्टीचं वेड असं की कटसीन लागला की चष्मा पुसून, चहा बाजूला ठेवून बघत. पण मागच्या गेममध्ये असंच झालं होतं. लढाई हरली की तोच प्रसंग पुन्हा, आणि बटण नाही. चौदाव्यांदा त्यातली विधवा राणी रडायला लागली तेव्हा त्यांनी गेम बंद केला. "हिचं दुःख कळलं गं मला," ते म्हणाले होते, "पण आता राग यायला लागलाय हिचा." त्या गोष्टीचा शेवट त्यांना आजवर कळला नव्हता.

गुरुवारी जेवणानंतर ताई लेखकाच्या टेबलापाशी गेल्या. "लेखकराव, हा गेम खेळलात का कधी?"

"ताई, मी लिहिलाय तो."

"ते माहीत आहे. खेळलात का?"

लेखक हसला आणि बसला. बटण काढलेला गेम ताईंनी लावून दिला आणि शेजारच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसल्या. निरोप सुरू झाला. शेवटी लेखकानं डोळे टिपले. ताईंनीही टिपले, त्यांची ती कितवी वेळ होती कोण जाणे. मग वाम मासा आला आणि त्यानं अर्ध्या मिनिटात लेखकाला गिळलं.

दुसऱ्यांदा निरोप. लेखक म्हणाला, "संगीत छान जमलंय, नाही?" मासा. तिसऱ्यांदा त्याला एका वाक्यातला एक शब्द खटकला. मासा. चौथ्यांदा त्यानं चहा मागवला. पाचव्यांदा तो बापाच्या आधी बापाची वाक्यं म्हणू लागला, तीही नाकातून. मागे दोघं-तिघं येऊन उभे राहिले. सहाव्यांदा त्याचा अंगठा आपोआप त्या मेलेल्या बटणावर टकटक करत होता, त्याला पत्ताही नव्हता.

सातव्यांदा म्हाताऱ्यानं हात पुढे केला, थरथरला, थांबला, आणि लेखक ओरडला, "अरे दे ना ती किल्ली एकदाची, थेरड्या!"

लेखकानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसतोय की काय, ते क्षणभर कळेना.

"तुमचा बाप चांगलाच आहे हो," ताई हळूच म्हणाल्या. "पहिल्या वेळी माझेही डोळे भरले. पण ज्याला ही गोष्ट शेवटपर्यंत हवी आहे, त्यालाच ते बटण लागतं. नको असलेला केव्हाच उठून गेलेला असतो."

लेखकानं तोंडावरचे हात काढले. मग म्हणाला, "पण चुकून हात लागला आणि पहिल्याच वेळी गेला प्रसंग, तर?"

"हे मात्र खरं तुमचं. तीन सेकंद दाबून धरल्याशिवाय चालू नये, असं करा."

"आणि किल्ली?"

याचं उत्तर लेखकानंच शोधलं. प्रोग्रॅमरशेजारी बसून त्यानं ते लाडके सात सेकंद स्वतःच्या हातानं कापले. आता बाप लेकीकडे बघतो, आणि पुढच्या दृश्यात किल्ली तिच्या मुठीत असते. अधांतरी राहायला तिला जागाच उरली नाही. शुक्रवारी ताईंनी पुन्हा सातशे तेरा वेळा नाही, पण कापलेल्या जागेच्या आजूबाजूला वीसदा बटण दाबून पाहिलं, सोमवारी आणखी तीसदा. मग कागद सुलटा करून सही केली. मॅडम म्हणाल्या, "शुक्रवार म्हटलं होतं ताई." ताई म्हणाल्या, "हो, पण छत्री उघडली ना?"

गेम बाजारात आल्यानंतरच्या रविवारी दुपारी यजमान खेळायला बसले. ताई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. निरोप आला, चष्मा पुसला गेला. मासा आला, आणि यजमान हरले. दुसऱ्यांदाही त्यांनी निरोप पूर्ण बघितला. तिसऱ्या वेळी अंगठा तीन सेकंद दाबून धरला. मग हरत, दाबत, पुन्हा हरत, संध्याकाळच्या चहापर्यंत एकोणिसाव्या खेपेला मासा उलथा पडला. पुढच्या रविवारी त्यांनी गोष्टीचा शेवट पाहिला आणि घटकाभर खिडकीबाहेर बघत राहिले.

नंतर कोणी न सांगता त्यांनी निरोप पुन्हा लावला. बारा मिनिटांना सात सेकंद कमी असलेला तो प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला.

"अगं," ते म्हणाले, "किल्ली देताना दाखवलेलंच नाही. पण म्हाताऱ्याचा हात थरथरला असणार, नाही?"

हातातल्या टॉवेलची घडी ताईंनी उलगडली आणि पुन्हा घातली.

"थरथरला होता," त्या म्हणाल्या.