तीनशे बारा रफार

मशीन पिकअपमधून उतरली तेव्हा सोनाळ्याच्या बसस्टँडमागची अर्धी गल्ली पाहायला जमली होती. एका डोक्याची, पंधरा सुयांची, कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन. शेजारच्या जानरावांनी सुया मोजल्या आणि विचारलं, "ह्या पंधराही एकाच डावात शिवतात काय?"

"नाई," संजीवनीताईंचे यजमान गजेंद्र म्हणाले, "एक शिवते, चौदा पाह्यतात. आपल्या ग्रामपंचायतीसारखं."

संजीवनी काकड त्या वेळी बेचाळीस वर्षांच्या होत्या. वीस वर्षं त्यांनी पिको-फॉल आणि ब्लाउज केले होते. मशीन शिकवायला कंपनीचा माणूस दुपारी दोनला आला आणि पाचला गेला. सोबत दिलेलं पुस्तक अर्धं इंग्रजीत होतं, अर्धं चिनी लिपीत. ताईंना दोन्ही सारखंच कळत होतं.

पहिले पंधरा दिवस मिनिटामिनिटाला दोरा तुटला. कंपनीच्या माणसाने फोनवर आधी विजेला दोष दिला, मग धुळीला. शेवटी म्हणाला, "मॅडम, आपका हाथ नहीं बैठा है."

ही मशीन चालू असताना तिला हात लावायचाच नसतो, हे त्यानेच शिकवलं होतं. ताईंनी सुई काढली, उजेडात धरली आणि नीट पाहिली. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते. ती खाच अगदी समोर, आपल्याकडे हवी. त्यांची सुई केसभर वळलेली होती. सरळ बसवल्यावर दोरा तुटायचा थांबला. त्यांनी आनंदाने फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "वही तो मैं कब से बोल रहा था."

त्या दिवसापासून ताईंनी कोणाला विचारणं सोडलं आणि जे कळेल ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. दिवसभर काम झालं की सुई बदलायची, ती चांगली दिसत असली तरी. कापड फ्रेममध्ये ताठ बसवायचं, पण ओढून लांबवायचं नाही, नाही तर फ्रेम काढल्यावर फूल आक्रसतं. खाली कागदाचं अस्तर हवंच. बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकाला तेलाचा एकच थेंब, आणि तेल दिलं की आधी चिंधीवर चालवायचं, गिऱ्हाइकाच्या पैठणीवर नाही. बारीक अक्षरं असतील तर वेग निम्मा करायचा. लाइन गेली तर परत आल्यावर दहा टाके मागे जाऊन सुरू करायचं.

हळूहळू आजूबाजूच्या गावांतल्या मशीनवाल्या बाया त्यांनाच फोन करू लागल्या. वरवटची काजल एकदा रडकुंडीला आली होती.

"ताई, खालून दोऱ्याचे गुच्छे होऊन राह्यले. सकाळपासून बॉबिनच साफ करून राह्यली मी."

"गुच्छा खाली दिसते म्हनून खाली नको शोधू. वरचा दोरा पाह्य. ताणाच्या चकत्यांत बसला नसन. काढ अन् पुन्यांदा ओव."

कॅलेंडरवरचा सगळ्यात शेवटचा नियम मशीनचा नव्हता. फोनवर ऐकून त्यांनी एका नवरीच्या शेल्यावर 'मधुवंती'चं 'मधुमती' भरलं होतं, आणि नवरदेवाची मधुमती नावाची एक जुनी वर्गमैत्रीण निघाली. त्या लग्नात जेवणापेक्षा शेल्याचीच चर्चा जास्त झाली. तेव्हापासून नाव असेल तर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, चिंधीवर नमुना पाहायचा आणि त्या चिंधीवर पेनाने सही करायची, असा नियम झाला.

याच नियमाची गाठ दोन वर्षांपूर्वी दुकानात शरच्चंद्र सरांशी पडली.

सर आशीर्वाद विद्यालयाचे मुख्याध्यापक आणि मराठीचे शिक्षक. ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा गुण कापणारे म्हणून सगळ्या परिसरात प्रसिद्ध. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेनाने तपासायचे आणि मग आहेर करायचे. शाळेला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून तीनशे बारा मुलांसाठी शाळेच्या नावाचे बॅज हवे होते. सरांनी कागद पुढे केला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आर्शीवाद विद्यालय.

ताईंनी कागद दोनदा वाचला.

"सर, रफार 'वा'वर पाह्यजे न? इथं 'शी'वर आला."

सर हसले. "संजीवनीताई, तुम्ही दोरा बघा. शुद्धलेखन माझ्याकडे राहू द्या."

ताईंनी तरी दोन्ही नमुने काढले. एक सरांचा आणि एक त्यांना शाळेत शिकवलेला. सरांनी चष्मा लावून दोन्ही पाहिले, स्वतःच्या नमुन्याखाली झोकदार सही केली आणि दुसरा बाजूला सारला. ताईंनी चिंधी डब्यात ठेवली आणि मशीन सुरू केली. तीनशे बारा बॅज, एकही दोरा न तुटता निघाले. इतकं स्वच्छ काम त्यांच्या हातून आधी कधी झालं नव्हतं.

समारंभ थाटात झाला. पाहुणे आले, भाषणं झाली, फोटो छापून आले. चूक कोणालाच दिसली नाही. ताई शेवटच्या रांगेत बसून तीनशे बारा छात्यांवरचा रफार पाहत होत्या. पुढच्या महिन्यात शाळेची नवी कमान उभी राहिली, तेव्हा पेंटरने नाव बॅजवरूनच उतरवून घेतलं. सिमेंटची अक्षरं, दीड फुटाची.

मग दिवाळीनंतर तपासणीला एक अधिकारी आले. त्यांनी शाळेच्या नोंदींचं दप्तर उघडलं, खिडकीतून कमान पाहिली, समोरच्या मुलीचा बॅज पाहिला आणि विचारलं, "या शाळेचं नेमकं नाव काय?"

शेरा लिहून ते गेले. संस्थेचे अध्यक्ष नारायणराव यांनी बैठक बोलावली. सरांनी तिथे खाली मान घालून सांगितलं, की कॉम्प्युटरवरचं काम आहे, मशीनने रफार सरकवला असावा. सरांच्या या बोलण्यासह बैठकीतून बोलावणं आलं, तशा संजीवनीताई डब्यातली चिंधी पर्समध्ये घालून निघाल्या.

गजेंद्र म्हणाले, "जाऊ दे न. मोठा मानूस हाय. तुले काय फरक पडते?"

"मले बोलले असते तं ऐकून घेतलं असतं," ताई म्हणाल्या. "मशीनले बोलले."

ऑफिसात पाच संचालक बसले होते. सर भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होते. ताईंनी चिंधी टेबलावर ठेवली.

"साहेब, मशीन आपल्या मनानं रफार सरकवत नाई. जे दिलं ते भरते. हे दोन नमुने. एकाखाली सरांची सही हाय."

नारायणरावांनी चिंधी उचलली, लांब धरली, जवळ धरली, शेजाऱ्याला दिली. चिंधी पाचही जणांच्या हातून फिरून परत आली.

शेवटी नारायणरावांनी हळूच विचारलं, "मंग यातलं बरोबर कोनतं?"

कोपऱ्यातल्या क्लार्कने खोकून सांगितलं. सगळ्यांनी आपल्याला आधीच माहीत असल्यासारखी मान हलवली. सरांचा चेहरा मात्र असा झाला, की ताईंना जिंकल्यासारखं काही वाटेना. त्यांना उलट आपण थोडं हळू बोलायला हवं होतं असं वाटलं.

"नवे करायची गरज नाई," त्या म्हणाल्या. "रफार तेवढा उसवून 'वा'वर भरता येते. पन मी उसवत बसली तं मशीन कोन चालवन? उसवाले मानूस द्या."

रविवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा बाहेर शरच्चंद्र सर उभे होते. खिशात चष्मा आणि हातात नवं ब्लेड.

"माणूस मीच आहे," ते म्हणाले.

पहिल्या बॅजला सरांनी वरूनच ब्लेड लावलं आणि कापडाला भोक पाडलं. ताईंनी त्यांच्या हातातून बॅज घेतला.

"सर, वरून नाई. पालथा करा. मागं मधोमध पांढरा दोरा दिसते न, तो बॉबिनचा. तेवढाच कापा. मंग सरळ करून वरचा रंगीत दोरा ओढा, आपोआप येते."

सरांनी तसं केलं. निळा रफार 'शी'वरून अलगद निघून बोटात आला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"तिसरीपासून असंच लिहीत आलो," ते म्हणाले. "कोणी सांगितलं नाही."

"मी सांगतलं होतं."

"हो," सर म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं."

अकरा दिवस शाळा सुटली की सर यायचे. ताईंनी फ्रेममध्ये चिकट कागद ताणून त्यावर बॅजची चौकट आखून घेतली होती. सर उसवलेला बॅज चौकटीत नेमका चिकटवायचे आणि मशीन चाळीस टाक्यांत नवा रफार भरायची. चौथ्या दिवशी सर आवाजावरून सांगू लागले, की सुई बोथट झाली. सहाव्या दिवशी त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवरचे ताईंचे नियम वाचले आणि खिशातलं लाल पेन काढलं. मग पुन्हा खिशात ठेवलं.

आता मुलांच्या बॅजवर नाव बरोबर आहे. कमान तशीच आहे, कारण अध्यक्षांच्या मते सिमेंट फोडण्यापेक्षा दप्तरातलं नाव बदलणं सोपं जाईल, आणि तसा अर्ज त्यांनी वर पाठवलाही आहे. अर्ज लिहायला शरच्चंद्र सरांना सांगितलं होतं. सरांनी नाही म्हटलं आणि दुपारी दुकानात येऊन ताईंना तेवढं सांगितलं. ताई त्या वेळी एका शालीवर मोर भरत होत्या. त्यांनी मशीन थांबवली, सरांना चहा दिला, आणि दहा टाके मागे जाऊन मोर पुन्हा सुरू केला.