पाण्याच्या बाटलीत पाणीच

परभणी जिल्ह्यात आजवर माझी जेवढी बेइज्जती झाली, तिच्यातली बारा आणे एकट्या आमच्या साडूभाऊंच्या नाकामुळं झाली. उरलेली चार आणे माझ्या स्वतःच्या कर्तबगारीची, तिच्याबद्दल इथं बोलायचं कारण नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी पुण्याकडच्या एका रंगाच्या कारखान्यात, थिनरच्या गोदामावर केली; रिटायर झाले आणि पूर्णेत आमच्याच गल्लीत येऊन राहिले. पहिल्याच दिवशी आमच्याकडं आले, चहाला थांबा म्हटलं तर हातानं गप्प बसायची खूण केली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखाली थेट ओणवे झाले. आमच्या हिला वाटलं, भाऊजींना भोवळ आली. ती कांदा घेऊन धावली. साडूभाऊ फरशीला नाक लावून म्हणाले, "वास वर शोधायचा नसतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड. सापासारखी सरपटत जाती, आन् जिथं इस्तू दिसंल तिथं पेटती." आमच्या ओट्याखाली थिनर नव्हतं, बटाटे होते. त्यातला एक सडलेला मात्र त्यांनी काढून दिला.

माझं पूर्णेत रंगाचं दुकान आहे. थिनर आमच्याकडं सुट्टं जातं. पेंटर पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढणार, मी नरसाळं लावून भरून देणार, अशी साऱ्या बाजाराची रीत. साडूभाऊ वेळ जात नाही म्हणून दुकानात येऊन बसायला लागले आणि माझ्या धंद्याला साडेसाती लागली. गिऱ्हाईकाच्या हातातली बाटली ते सरळ ओढूनच घ्यायचे. "पाण्याच्या बाटलीत पाणीच!" हा त्यांचा मंत्र. "घरी नेऊन कट्ट्यावर ठेवशील. लेकरू उन्हातून येईल, घटाघटा पिईल. मंग?" गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, मी ध्यानात ठेवतो की." त्यावर साडूभाऊ, "तू ठेवशील रे. पण बाटली ठेवती का ध्यानात?" मग गिऱ्हाईक बाटली उचलून शेजारच्या दुकानात जायचं. एक म्हातारा पेंटर थिनरनं हात धुताना दिसला, तर त्याला बखोट धरून नळावर नेलं, साबण लावायला लावला आणि वर माझ्या गल्ल्याशेजारची खोबरेल तेलाची बाटली त्याच्या तळहातावर रिती केली. "ते कातड्यातलं तेल वढून घेतंय आन् सोता आत शिरतंय, बाबा. मंग डोकं गरगरतं, तुला वाटतं चहा कमी पडला." एकदा कुणीतरी थिनरचा रिकामा पिंप कापून बैलांना पाणी पाजायला डोण करणार होतं. वेल्डिंगवाला यंत्र घेऊन आला तर साडूभाऊ पिंपावर मांडी घालून बसलेले! "भरला पिंप परवडला, रिकामा न्हाई. आत वाफ कोंडलीय. आधी मला कापा." सगळा बाजार जमला, हसला. मी आत जाऊन उगाच खिळे मोजत बसलो, कारण बाहेर ते मला "आमचे धाकटे साडू" म्हणून हाका मारत होते.

प्रवासात तर मी त्यांना ओळखच द्यायची बंद केली होती. एकदा पूर्णेला परत येताना चुडाव्याच्या स्टेशनावर गाडी थांबली आणि ह्यांनी नाक फेंदारलं. "वास यायलाय." मी खिडकीबाहेर बघू लागलो. साडूभाऊ बाकाखाली शिरले. समोर नवी नवरी बसलेली, तिच्या पायांपाशी हे डोकं घालून वास घेतायत, आणि नवरा बाह्या सरसावून उभा. शेवटी निघालं काय? तिच्या पर्समध्ये नखांचा रंग काढायची बाटली लवंडली होती. "टोपण घट लावा, पोरी, आन् ही खिडकी उघडी राहू द्या," एवढंच बोलून साडूभाऊ शांतपणे जागेवर बसले. नवऱ्यानं मला विचारलं, "तुमच्यासंगं हायेत का हे?" मी म्हणालो, "कोण?"

पण हे सगळं हसण्यावारी गेलं. वालूरचं तसं गेलं नाही.

वालूर ही आमची सासुरवाडी. मेव्हण्यानं तिथं नवं घर बांधलं, रंग माझ्याच दुकानातून नेला, आणि वास्तुशांतीच्या आदल्या दिवसापर्यंत दारांना पॉलिश चालू होतं. सकाळी गुरुजी आले, होमाची मांडणी झाली, आणि साडूभाऊंनी दारामागं नाक घातलं. पेंटर अर्धं थिनर उघड्या डब्यात तसंच टाकून गेला होता. "होम थांबवा! खिडक्या उघडा!" झालं, गुरुजी समिधा हातात घेऊन ताटकळले, पाहुणे अंगणात उन्हात, मेव्हणा लालबुंद. तो म्हणाला, "दाजी, गावापुढं शोभा करायलाव का आमची?" मीही त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "साडूभाऊ, हात जोडतो. आजच्या दिवस लाज राखा." ते माझ्याकडं बघतच राहिले. मग खाली मान घालून तो डबा घेऊन मागच्या दारानं गेले.

डब्याला झाकण नव्हतं. झाकणाचं भांडं शोधायला वेळ नव्हता, कारण आत आम्ही सगळे खोळंबलो होतो. तेव्हा ज्या माणसानं माझी अर्धी गिऱ्हाइकं परत पाठवली, त्यानं पाण्याची रिकामी बाटली उचलली, थिनर तिच्यात ओतलं, टोपण गच्च लावलं आणि बाटली मागच्या ओसरीच्या सावलीत ठेवली. चिठ्ठी चिकटवायला कागद आणायला ते आत आले, तोच मेव्हण्यानं त्यांना धरलं. जावयांना टॉवेल-टोपी करायची वेळ झाली होती. थोरले जावई पाटावर नाहीत म्हणून पुन्हा सगळे अडले होते. एरवी साडूभाऊ ऐकणाऱ्यातले नव्हते. त्या दिवशी मात्र ते मुकाट्यानं पाटावर बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आमची लाज राखली, आणि तिथंच घात झाला.

कुणीतरी ओसरीवरच्या सगळ्या बाटल्या गोळा करून पाहुण्यांसाठी मांडल्या. आमच्या सासूबाईंचं नाक तपकिरीनं कधीच बाद झालेलं. सकाळपासून उपाशी, तहानेनं जीव कासावीस, त्यांनी बाटली उघडली आणि तोंडाला लावली. एक घोट गेला. बाकीचं त्यांनी थुंकलं आणि असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. बायकांनी रडारड केली, कुणी मिठाचं पाणी आणलं, उलटी काढा म्हणू लागलं. साडूभाऊ डोक्यावरच्या नव्या टोपीसकट धावत आले आणि ते मीठपाणी त्यांनी हातानं उडवलं. "उलटी न्हाई! उलटीबरोबर छातीत जाईल ते! चूळ भरा नुसती. गाडी काढा!" लुगड्यावर सांडलं होतं ते बायकांना बदलायला लावलं, बाटली बरोबर घेतली आणि सेलूच्या दवाखान्यात डॉक्टरांपुढं ठेवली. "हे थिनर हाय. मी भरलं," म्हणाले.

सासूबाई वाचल्या. दोन दिवस खोकल्या, ऑक्सिजनवर राहिल्या, मग तपकीर मागू लागल्या तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. पण साडूभाऊ त्यांच्या खोलीत गेलेच नाहीत. बाहेर बाकावर बसून राहिले, टोपी मांडीवर. मेव्हणा जाता-येता बोलला, "पाण्याच्या बाटलीत पाणीच, न्हाई का दाजी?" ते मांडीवरच्या टोपीची घडी नीट करत राहिले. मला तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यांच्या फरशीवरच्या सगळ्या ओणवेपणात मला कधी एवढी लाज वाटली नव्हती.

त्यानंतर ते दुकानात यायचे, पण कोपऱ्यात बसायचे. कुणी थिनरला पाण्याची बाटली काढली की माझे कान त्यांच्याकडं लागायचे. ते रस्त्याकडं बघत राहायचे. मीच आपला नरसाळं खाली ठेवून म्हणायचो, "पत्र्याचा डबा आण बाबा, बाटलीत देत न्हाई." गिऱ्हाईक कुरकुरत शेजारी जायचं. मला वाटायचं, साडूभाऊ एकदा तरी बोलतील, निदान "आन् टेरिकॉटचा शर्ट घालून येऊ नको, ठिणगी पडती" एवढं तरी. ते नुसते मान खाली घालायचे. घरी आले तर चहा घ्यायचे, ओट्याकडं बघायचे नाहीत. चांगल्या चालत्या माणसाचं नाक कापून टाकल्यासारखं झालं होतं. लोक म्हणत, "तुमचे साडू आता शहाणे झाले." मला ते ऐकवत नसे.

संक्रांतीला सासूबाई पूर्णेला आल्या. मी साडूभाऊंना जवळजवळ ओढत घेऊन आलो. ते दाराशीच उभे राहिले, पाया पडायलाही पुढं होईनात. आमच्या हिनं आईला तांब्याभांडं दिलं. सासूबाईंनी भांडं तोंडाजवळ नेलं, थांबल्या, आणि हात लांब करून दाराकडं धरला.

"जावईबापू, जरा बघा बरं काय हाय ते."

साडूभाऊंचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, म्हातारी डागण्या देते आहे. मलाही तेच वाटलं.

"मला कशाला इचारता, आई," ते कसंबसं म्हणाले. "माझ्याच हातानं..."

"तुमच्या हाताचं कोण इचारायलंय? हात सगळ्याचेच चुकतेत. माझं नाक मेलंय, तुमचं जितं हाय. तुमी बघितल्याबिगर मी आता कुठंच पाणी पीत न्हाई. वालूरात काय हाल झालेत माझे, इचारा तुमच्या मेव्हण्याला. धरा लवकर, हात दुखायलाय."

साडूभाऊ पुढं आले. दोन्ही हातांनी भांडं घेतलं आणि नाकाशी नेलं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला, अगदी पहिल्यासारखा, सावकाश.

"पाणीच हाय, आई."

सासूबाईंनी भांडं घेतलं आणि त्यांच्याकडं बघत बघत शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्याल्या. साडूभाऊ वळले आणि स्वयंपाकघरात जाऊन आमच्या ओट्याखाली ओणवे झाले. तिथं नुसते बटाटे होते, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बराच वेळ ते वर आले नाहीत, आणि आम्हीही कुणी त्यांना उठा म्हणालो नाही.