कुंपणातला 'आणि'

ऑरिन पेटिबोन कॅन्ससमध्ये आधी वकील होता, मग आमदार झाला आणि आता आठ वर्षं जिल्ह्याचा न्यायाधीश होता. आमदारकीत त्याने एकच कायदा स्वतःच्या हाताने लिहिला, शेताच्या कुंपणाचा. कुंपण 'फळ्यांचं किंवा तारेचं' हवं, असं त्याला म्हणायचं होतं. घाईत 'किंवा'च्या जागी 'आणि' पडलं. सभागृहात ते कुणी धड वाचलंही नाही. दुरुस्तीसाठी त्याने राजधानीला तीनदा पत्रं धाडली. न्यायाधीशाने कायदे करण्यात नाक खुपसू नये, असं उत्तर आलं.

आज हल्डा लिंडक्विस्ट त्याच्यासमोर उभी होती. शेजाऱ्याच्या गुरांनी तिचं कुंपण तोडून सगळा मका फस्त केला होता. कुंपण भक्कम होतं, पण नुसत्या तारेचं. फळ्या नाहीत, म्हणून कायद्याने भरपाई नाही, असं शेजाऱ्याचं म्हणणं.

"कायदा करणाऱ्यांच्या मनात 'किंवा'च असणार," हल्डाचा वकील म्हणाला.

"मनातलं मला सांगू नका," ऑरिन खेकसला. "कोर्ट कागदावरचं वाचतं."

हल्डा हरली. बाहेर तो आपला घोडा सोडत असताना तिने त्याला गाठलं.

"तुमचा काही दोष नाही, जजसाहेब. पण हे ज्या गाढवानं लिहिलं, त्याला एकदा माझं शेत दाखवा."

"कालच बघून गेला तो, बाई," ऑरिन म्हणाला, आणि त्याला लगामाची गाठ काही केल्या सुटेना.