जवळ आलेल्या दीर्घिका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमचं लग्न झालं आणि हिची आधीच्या लग्नाची मुलगी घरात राहायला आली, तेव्हा मी त्या लहानगीला घाबरलो होतो. खटके नकोत म्हणून वर्षानुवर्षं लांबच राहिलो, आणि त्याला समजूतदारपणा म्हणत आलो.

आता ती खगोलशास्त्र शिकते. काल चहाच्या वेळी तिच्या लॅपटॉपवर आपल्या आकाशगंगेसारख्या दोन दीर्घिका दिसल्या, एकमेकींच्या ओढीने वेड्यावाकड्या झालेल्या.

"अरेरे, टक्कर! सगळा चुराडा झाला असेल," मी म्हणालो.

"काय हो काका, तुम्हाला अपघातच दिसतो!" ती हसली. "तारे इतके विरळ असतात, की सहसा एकमेकांना लागतही नाहीत. वायूचे ढग मात्र दाबले जातात. हे निळे ठिपके बघा, तिथे नवे तारे जन्मलेत."

मी बघत राहिलो. मूळचा डौल मोडला होता खरा, पण सर्वांत ताजा उजेड या ओढाताणीतच पेटला होता. लांब राहून आकार तेवढा शाबूत राहिला असता.

"अजून दाखव ना," मी म्हणालो. तिने सरकून मला जागा करून दिली.

चारचौघांत तिची ओळख 'माझी मुलगी' अशी मी अजून एकदाही करून दिलेली नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.