बाईंनी स्वतःला दिलेला नकार

बाईंच्या 'नाही'त 'सॉरी' नसायचं. पत्र्याच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसून त्या समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायच्या, चष्मा काढून पुसायच्या आणि म्हणायच्या, "नाही. तुम्हाला कुत्रं मिळणार नाही." खडकीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेला आवाज तो, उलट बोलायची कोणाची टाप नसे. मी त्यांची विद्यार्थिनी. वारज्याच्या पुढे टाकून दिलेल्या कुत्र्यामांजरांचा एक निवारा आहे. तिथे रविवारी कुत्र्यांना आंघोळ घालायला जायला लागले आणि बाई पुन्हा भेटल्या. या जनावरांना घरं शोधून देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. लोक मागून त्यांना 'नकारबाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

एकदा हडपसरहून एक जोडपं आलं. दोघंही आयटीतली, वागायला गोड. "ॲक्चुअली संडेला मुलीचा बर्थडे आहे, तिला सरप्राइज द्यायचंय."

"मग सायकल द्या," बाई म्हणाल्या. "कंटाळा आला तरी ती गॅलरीत गुपचूप उभी राहते. खायला मागत नाही, रडत नाही." नवरा हसला. बाई हसल्या नाहीत. दिवसभर घरी कोणी नसतं, हे दोन प्रश्नांत त्यांनी काढून घेतलं आणि चष्मा पुसायला घेतला. गाडीत बसताना नवरा पुटपुटला, "केवढा ॲटिट्यूड!"

"ऐकू येतं मला अजून," बाई खुर्चीतूनच म्हणाल्या.

मुलगी देताना घर बघतात, घरातली माणसं बघतात. बाईंचा रिवाज तोच. कुत्रं न्यायचं तर सगळं घर घेऊन यायचं. त्यातही बोलणाऱ्याला सोडून त्या गप्प बसलेल्या माणसाला आधी विचारत. एक मुलगा असाच भराभरा सांगत होता, गच्ची आहे, मोकळी जागा आहे. त्याची आई मागे पदर सावरून उभी. बाईंनी तिला विचारलं, "तुमचं काय?" ती हळूच म्हणाली, "मला बाई लहानपणापासून भीती वाटते कुत्र्याची. पण चालवून घेईन." मुलगा म्हणाला, "करेल हो ती ॲडजस्ट."

"जन्मभर तेच केलंय त्यांनी," बाई म्हणाल्या. "आता कुत्र्यासाठी तरी नको." ती माउली जाताना बाईंचा हात हातात घेऊन गेली.

एवढं कडक कशासाठी, असं मी एकदा विचारलं. शेड भरलेली होती आणि रोज कोणी ना कोणी पोत्यातून नवी पिल्लं आणून टाकत होतं. बाईंनी मला मोत्यापाशी नेलं. मोत्या चांगल्या घरी गेला होता. सून बाळंत झाली म्हणून घरच्यांनी परत आणून सोडला. दुसरं घर मिळालं, तर त्या लोकांची बदली झाली. "पहिल्यांदा परत आला तेव्हा दाराकडे तोंड करून बसायचा," बाई म्हणाल्या. "आता भिंतीकडे करून बसतो. दोन्ही वेळेला 'हो' मीच म्हटलं होतं."

पण नकार देऊन हात झटकणं हा बाईंचा स्वभाव नव्हता. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून पिल्लू हवं होतं. "पिल्लू बारा-पंधरा वर्षं जगेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गृहस्थ लालबुंद. त्यांच्या मागे पिल्लाला बघणारं कोणी नाही, हेही बाईंनी विचारून घेतलं. "मग पिल्लू नाही. त्या कोपऱ्यात एक म्हातारी कुत्री आहे. दात पडलेत, कोणी विचारत नाही तिला. बसून बघा जरा तिच्याजवळ." गृहस्थ तणतणत त्या कोपऱ्यात गेले, ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसले आणि तिला रिक्षात घालून घरी घेऊन गेले.

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या खुर्चीवर मी बसते आणि लोकांच्या शिव्या खाते. बाईंच्या हाताखाली शिकले, हे मी छाती फुगवून सांगते. त्यांनी दिलेल्या एका नकाराचा तर मला सगळ्यांत जास्त अभिमान आहे.

ठकी हायवेवर सापडलेलं पिल्लू. मागचा पाय मोडलेला. शेडमध्ये जागा नव्हती म्हणून बाईंनी तिला घरी नेलं. प्लॅस्टर निघेपर्यंत ती त्यांच्या उशाशी झोपली, त्यांच्याच हातून जेवली. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. कितीतरी वर्षांनी बाईंच्या घरात दाराशी वाट बघणारं कोणी आलं होतं. ठकी आता बाईंचीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एका रविवारी बाई म्हणाल्या, "हिच्यासाठी स्थळ बघा."

"अहो बाई, राहू दे ना तुमच्याकडेच!"

"एकटी बाई. सत्तरी उलटलेली, हृदयाचं दुखणं, मागे कोणी नाही. असं कोणी इथे येऊन बसलं असतं तर मी काय सांगितलं असतं?" उत्तरही त्यांनीच दिलं. "नाही." त्या दिवशी चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

ठकीला मी मागितलं. बाई आमच्या घरी आल्या त्या जणू मला कधी पाहिलंच नसल्यासारख्या. गॅलरीची जाळी हलवून पाहिली, सासूबाईंना समोर बसवलं. "तुम्हाला चालेल, की चालवून घ्याल?"

सासूबाई पक्क्या पुणेरी. "ही सून चालली मला. ते तर बिचारं मुकं जनावर आहे."

बाई पोट धरून हसल्या, आणि हो म्हणाल्या.

माहेरचं माणूस सारखं डोकावलं की मुलगी सासरी रुळत नाही, म्हणून दिलेल्या कुत्र्याला लगेच भेटायला जायचं नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी स्वतःही पाळला. सबंध पावसाळा फिरकल्या नाहीत. आल्या त्या दिवशी ठकी त्यांच्या अंगावर झेपावली, तोंड चाटलं, घरभर लंगडत नाचली. आणि मग जाऊन तिने सासूबाईंच्या पायाशी अंग टाकलं. बाई बघत राहिल्या. डोळे भरलेले, मान ताठ. शाळेत मी पहिली आले होते, तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान दिसला नव्हता.

"अहो, पानं घेतलीच आहेत, जेवूनच जा," सासूबाई म्हणाल्या.

"नको," चपला घालता घालता बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी जेवायला बसले तर ती उठून माझ्याकडे येईल."

आणि दार त्यांनी बाहेरून स्वतःच ओढून घेतलं.