राजा जिंकला तो रविवार

नांदुऱ्याला आमच्या शेजारी कॉलेजातले एक सर राहत. चष्मा कपाळावर सरकवून ते मला रस्त्यातच अडवत. "खरा इतिहास असा काही नसतेच बे! सांगणारा बदलला का इतिहास बदलते. याले उत्तर-आधुनिक म्हणतात."

एका रविवारी सारी गल्ली आमच्याकडे टीव्हीवरची ऐतिहासिक मालिका पाहत होती. राजा वेढ्यात सापडला अन् नेमकी लाईट गेली. समोरच्या काकू रडकुंडीला आल्या. "सर, आता राजाचं कसं होईन?"

सर पलंगावर चढले, लाटणं तलवारीसारखं फिरवू लागले अन् राजाला जिंकवूनच खाली उतरले. शिट्ट्या वाजल्या, मीही नाचलो.

पुढच्या रविवारी टीव्हीवर राजा हरला. काकू भडकल्या, "खोटं दाखवून राह्यले हे!"

"अवो काकू, तो खरंच हरला होता!" सर घामाघूम झाले.

काकूंनी टीव्ही बंद केला. "भेऊ नका, सर. सारी गल्ली तुमच्याच बाजूनं आहे."