तिकडच्या गोष्टी सांगणारा फिटर

दुष्काळात ऊसच उरला नाही आणि आमचा सहकारी साखर कारखाना बंद पडला. मी तिथे कारकून होतो, तो फिटर. पुढे तो मस्कतला कामाला गेला आणि दोन वर्षांनी महिनाभराच्या सुट्टीवर केजला आला. रोज सकाळी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही जुने कामगार त्याच्याभोवती जमायचो. तो चहा बशीत ओतायचा, उगाच फुंकर घालत राहायचा आणि म्हणायचा, "तिकडं, बरं का..." मग काचेची दुकानं, समुद्राचं पाणी गोड करणारा प्लँट. घरी टँकरची वाट बघणारे आम्ही ऐकत राहायचो.

एकदा मी माझी कागदपत्रं त्याच्या हातात दिली. "मलाबी घिऊन चला."

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. कागदपत्रं परत दिली. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"येऊ नका," तो म्हणाला. "एका खोलीत बारा जण ऱ्हातो आमी. पासपोर्ट मालकाकडं. ती दुकानं म्या बसमधून बघितलीत नुसती."

"मग रोज सांगता कावून?"

"सांगताना बरं वाटतं हो."

"आन् परत कावून जाता?"

"हितं काय करू?" एवढंच बोलून तो गेला.

तो निघाला त्या सकाळी हॉटेलवाल्याने विचारलं, "तिकडं सुखात हायसा ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"लई सुखात हाय त्यो," मीच म्हणालो.

त्याने मान हलवली आणि बॅग उचलून जीपकडे गेला.